वेगाची मालवाहतूक

मोटारीत वेगासाठी जसजशी सुधारणा करावी तसतशी ती प्रवासाला निरुपयोगी होत जाते, हा सिद्धांत यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मांडलेला नसला, तरी टर्बो बसवलेली शर्यतीची मोटार घेऊन नागपूरहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅककडे निघालेल्या मालकाला तो पहिल्या टोलनाक्याच्या आतच पटतो. सुमारे १,१०० किलोमीटरच्या या प्रवासात मोटार स्वतः एक किलोमीटरही धावत नाही. ती सपाट पाठीच्या ट्रकवर चारही चाके पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या अवस्थेत बसते, आणि जिने ताशी दोनशेचा वेग गाठावा म्हणून मालकाने बँकेतली ठेव मोडलेली असते, ती ताशी पन्नासच्या वेगाने जाताना मालक ट्रकच्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसून तिच्याकडे आरशातून पाहत असतो. या व्यवस्थेला कायद्याचेही अधिष्ठान आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाला बाध आणणारे फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे मोटार जितकी मनासारखी होते तितकी ती रस्त्याला वर्ज्य होते.

टर्बो म्हणजे काय, हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील प्रवासात हा प्रश्न प्रत्येक चहाच्या टपरीवर विचारला जातो. इंजिनात पेट्रोल जाळण्यासाठी हवा लागते आणि साधे इंजिन ती आपल्या ताकदीने ओढून घेते; टर्बोमध्ये मात्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक लहान चाक फिरते, त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जाळता आल्यामुळे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद निघते. चुलीच्या धुरानेच भाता चालवून तीच चूल फुंकावी, असा हा प्रकार आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, परंतु विक्रीसाठीच्या मोटारींत टर्बो येण्यास १९६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीत पेट्रोलखेरीज पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरावे लागे, आणि ते भरण्यास मालक हटकून विसरत. रेनो कंपनीने १९७७ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींत उतरवलेली पहिली टर्बो मोटार इतक्या वेळा वाफ सोडत बंद पडली, की इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ असे नाव दिले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, फ्रान्समधील दिजाँ येथे रेनोचीच नवी टर्बो मोटार शर्यत जिंकून गेली, ही गोष्ट आज प्रत्येक टर्बोधारक आपली मोटार बंद पडली की सांगतो.

महाराष्ट्रात या छंदाचे मूळ शोधत गेल्यास ते पुण्याजवळच्या चाकणला सापडते. तेथील फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले आणि २०१० पासून कंपनीने सर्व स्पर्धकांना एकाच प्रकारची पोलो मोटार देणारी शर्यतमालिका सुरू केली. पहिल्या वर्षीची मोटार चक्क टर्बोडिझेल होती, तर २०१२ पासूनच्या पोलोत १८० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आले. सामान्य ग्राहकासाठी २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय बाजारात आली. तिचे इंजिन १,१९७ घनसेंटिमीटरचे, म्हणजे भाजी आणायला जाणाऱ्या मोटारीएवढे असले, तरी टर्बोमुळे ते १०५ अश्वशक्ती देत असे, आणि शंभरावर पाच हा आकडा पाहून कित्येक सुस्थित कुटुंबांतील तरुणांच्या मनात त्यापुढील आकड्यांविषयी कुतूहल निर्माण झाले. २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादन थांबले, पण कुतूहल थांबले नाही. महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय दर्जाचा कायमस्वरूपी मोटारशर्यतीचा ट्रॅक नसल्यामुळे या तरुणांपुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या सरळ रेषेतील शर्यती, अन्यथा ग्रेटर नोएडा, कोइंबतूर किंवा इरुंगट्टुकोट्टई, असे मोजकेच पर्याय राहतात. मराठी माणसाला वळणावर वेग दाखवायचा असेल तर त्याला राज्य सोडावे लागते.

मोटार ट्रॅकसाठी तयार करणे म्हणजे प्रथम ती रिकामी करणे होय. मागचे आसन, गालिचा, वातानुकूलन यंत्र, संगीतयंत्र, दारांतील नमदे आणि स्टेपनी हे सर्व वजन म्हणून काढून टाकले जाते. ज्या सुखसोयींसाठी मूळ किंमत मोजली, त्या काढण्याची मजुरी पुन्हा मोजावी लागते. त्यानंतर आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे मोटार उलटल्यास छत चेपू नये म्हणून केलेला सांगाडा, जोडला जातो. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार त्याची मुख्य नळी किमान ४५ मिलिमीटर व्यासाची असावी लागते, आणि पिंजरा ओलांडून आसनात शिरण्याचा मार्ग नियमावलीत दिलेला नसतो. मग मोठा टर्बो येतो. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर हा जाळीदार भाग मोठा घ्यावा लागतो. तो मावत नाही म्हणून पुढचा बंपर कापावा लागतो. हवेचा दाब वाढला म्हणून पिस्टन व कनेक्टिंग रॉड घडीव पोलादाचे किंवा मिश्रधातूचे घ्यावे लागतात. ताकद वाढली म्हणून क्लच टिकत नाही, आणि क्लच बदलला की डावा पाय टिकत नाही. शेवटी इंजिनाचे कामकाज ठरवणाऱ्या ईसीयू या संगणकात लॅपटॉपवरून नवे आकडे भरले जातात, ज्यास रिमॅपिंग म्हणतात. या सर्व प्रक्रियेत मालक एका वाक्याचा वारंवार उच्चार करतो, ते म्हणजे ‘आता एवढेच’.

अशी मोटार घेऊन निघालेला ट्रक बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा ही गावे मागे टाकत पैनगंगा ओलांडतो आणि तेलंगणात शिरतो. येथून आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ हैदराबादेस जातो, आणि व्यवहारज्ञ मनुष्य त्याच मार्गाने जातो. परंतु शर्यतीच्या मोटारीचा मालक सरळ रस्त्याला मनातून तुच्छ मानत असल्यामुळे, आणि उटनूरच्या पलीकडील केरामेरी घाटातील वळणांची कीर्ती त्याच्या कानावर आलेली असल्यामुळे, तो ट्रकचालकाला गुडीहत्नूर येथे डावीकडे वळायला सांगतो. ट्रकचालक कारण विचारत नाही; तो फक्त वाढीव किलोमीटर विचारतो.

गुडीहत्नूर सोडल्यावर कापसाची व सोयाबीनची शेते, मधूनमधून साग आणि पुढे डोंगर दिसू लागतात, आणि काही वेळाने इंद्रवेल्ली येते. गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा असे अनेक समाज या परिसरात राहतात. गोंडी, तेलुगू, उर्दू आणि वऱ्हाडी वळणाची मराठी एकाच बाजारात कानी पडते, त्यामुळे मालकाला प्रश्न समजले नाहीत अशी सबब सांगता येत नाही. ट्रक थांबला की पहिला प्रश्न येतो, ‘बिघडली काय जी?’ ट्रकवर चढलेली मोटार ही बिघडलेलीच असणार, हे अनुमान तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि ती बिघडलेली नसून सुधारलेली आहे हे उत्तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूतीच वाढवते. दुसरा प्रश्न, ‘ॲव्हरेज किती देते?’ ट्रॅकवर अशी मोटार लिटरमागे तीन-चार किलोमीटर जाते, हे सत्य भर बाजारात सांगण्याचे धैर्य फार थोड्या मालकांत असते. तिसरा प्रश्न, ‘मागं किती माणसं बसते?’, आणि तेथे नळ्या बसतात हे कळल्यावर गर्दी आपोआप पांगते.

तरीही डोंगराच्या पार्श्वभूमीवर छायाचित्र हवे असते, म्हणून मोटार खाली उतरवली जाते, आणि हा या प्रवासातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग ठरतो. मोटारीच्या नाकाखाली स्प्लिटर नावाची पातळ फळी असते. वेगात हवेच्या दाबाने तिने पुढची चाके रस्त्याला घट्ट धरून ठेवावीत असा हेतू असला, तरी उतरणीच्या टोकाला ती प्रथम जमीन धरते, आणि मग लाकडी फळ्या मागून आणाव्या लागतात. जमिनीवर आल्यावर ब्रेकचा प्रश्न उभा राहतो. शर्यतीचे ब्रेक पॅड कित्येकशे अंश तापल्यावर चांगले काम करतात आणि थंड असताना केवळ किंचाळतात, त्यामुळे इंद्रवेल्लीच्या चौकात ही मोटार नीट थांबायची असेल तर त्यापूर्वी ती बराच वेळ भरधाव चाललेली असली पाहिजे, जे चौकातील शेळ्यांना मान्य होण्यासारखे नाही. हंगामात कापसाने शिगोशीग भरलेली वाहने याच रस्त्यांवरून जातात, उडालेली बोंडांची तुसे इंटरकूलरच्या जाळीत अडकतात, आणि आयात केलेला तो महागडा भाग मालकाला दात घासण्याच्या ब्रशाने साफ करावा लागतो. पेट्रोलचाही विचार करावा लागतो. दाब वाढवलेल्या इंजिनात हलक्या प्रतीचे पेट्रोल ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते व आतून ठोके ऐकू येतात, ज्यास नॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी जास्त ऑक्टेनचे, म्हणजे अवेळी पेटण्यास अधिक विरोध करणारे, इंधन लागते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आणले ते निवडक शहरांत. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे मालकाला ठाऊक असते, आणि ते उसापासून, मक्यापासून व तुकडा तांदळापासून बनते हे इंद्रवेल्लीच्या शेतकऱ्याला. मोटारीसंबंधीच्या चर्चेत दोघांचे एकमत होण्याची ही एकमेव जागा आहे.

इंद्रवेल्लीत हुतात्म्यांचा स्तूप आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर येथे पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३ होता, आणि तो खरा मानणारे येथे कोणी भेटत नाही. ट्रक या स्तूपापुढून जातो तेव्हा छायाचित्राची भाषा कोणी काढत नाही.

याच मंडलातील केस्लापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील माणसे त्यापूर्वी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि कुटुंबे परंपरेने बैलबंड्यांतून जत्रेला येतात. दोन्ही वाहनांची तुलना करू गेल्यास बंडीची जमिनीपासूनची उंची भरपूर असते, तिला स्टेपनी लागत नाही, तिच्यात कुटुंब मावते आणि तिचे इंधन रस्त्याकडेला उगवते; मोटारीच्या बाजूने केवळ वेग उरतो, आणि तोही ट्रकवर बांधलेला. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ व त्यांच्या पत्नी बेटी जैनूरजवळच्या मार्लवाई येथे राहून गोंडांचा अभ्यास करत होते, आणि जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार त्यांच्या पुढाकाराने त्याच काळात सुरू झाला. जमीन, पाणी, शाळा यांच्या तक्रारी तेथे मांडल्या जातात. गतिरोधकांच्या उंचीविषयी मालकाच्या मनात साचलेली तक्रार त्या दरबारात दाखल होईल असे वाटत नाही.

उटनूर व जैनूर मागे पडल्यावर अखेर केरामेरीचा घाट येतो, ज्यासाठी हा सारा वळसा घातलेला असतो. वळणे खरोखर उत्तम आहेत. कोणत्या वळणाला ब्रेक कोठे दाबावा, आतली कड कोठे गाठावी आणि टर्बोचा दाब भरून येण्यास लागणारा क्षणभराचा उशीर, ज्यास टर्बो लॅग म्हणतात, लक्षात घेऊन ॲक्सिलरेटर किती आधी द्यावा, याचे विवेचन मालक केबिनमध्ये हातवारे करून करतो, आणि ट्रकचालक पहिला गिअर सोडत नाही. मध्येच मागून कर्णा वाजतो. राज्य परिवहनाची पल्लेवेलुगू बस, म्हणजे गावोगाव थांबणारी साधी गाडी, उभे प्रवासी घेऊन ट्रकला मागे टाकते, आणि तिच्या मागच्या खिडकीतून दोन मुले शर्यतीच्या मोटारीला हात दाखवतात.

पुढे असिफाबाद, मंचेरियाल, करीमनगर करत हैदराबाद गाठले जाते, जेथे ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई या विजेच्या मोटारींची शर्यत झाली होती. त्या मोटारींना धूरच नसल्यामुळे टर्बोही नसतो, हा विषय मालक काढत नाही. अखेर गाठलेला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. वीस मिनिटांच्या सत्रात दोन मिनिटांची फेरी धरल्यास मोटार ३७ किलोमीटर धावते, त्यानंतर टर्बोच्या बेअरिंगमधील तेल करपू नये म्हणून तिला संथपणे आणखी एक फेरी मारावी लागते, आणि मग ती पुन्हा फळ्यांवरून ट्रकवर चढते. परतीच्या वेळी ती येतानापेक्षा थोडी हलकी असते, कारण टायरांचे बरेचसे रबर आणि ब्रेकचे पॅड ट्रॅकवरच राहिलेले असतात. मात्र ट्रकचे भाडे वजनावर नसून अंतरावर ठरलेले असल्यामुळे त्याची सूट मिळत नाही.