मटकी भिजत घातली का?

मनीषा म्हणा, संगीता म्हणा, वैशाली म्हणा. सत्तरच्या दशकात जन्मलेल्या मुलींच्या वर्गात एकेका नावाच्या तिघी-तिघी असायच्या, त्यामुळे कुठलंही घेतलं तरी चालेल. मी मनीषा म्हणते. राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये, घरी नवरा, सासूबाई, कॉलेजातली मुलगी आणि सातवीतला मुलगा. आमच्या डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात अशा मनीषा एका बाकावर चार बसतात. रेल्वेच्या हिशेबाने बाक तिघींचा आहे, पण रेल्वेचा हिशेब कोण विचारतो?

या बाईची खूण अशी की आज वार कोणता, असं विचारलं तर ती क्षणभर गडबडते. परवा कोणता, हे मात्र झोपेतून उठवून विचारा. परवा गुरुवार. गुरुवारी नवऱ्याचा उपास, म्हणजे उद्या रात्री साबुदाणा भिजला पाहिजे. गुरुवारी मुलाच्या शाळेत डब्याला उसळ सांगितलेली आहे, म्हणजे मटकी आज रात्री पाण्यात पडली पाहिजे, उद्या सकाळी सातच्या आत फडक्यात बांधली गेली पाहिजे, तरच परवा पहाटे मोड दिसतील. तिचा पत्ता डोंबिवलीचा असला तरी मुक्काम कायम परवाच्या दिवशी असतो. आजच्या दिवसात ती फक्त गाडी पकडायला येते.

लोकांना वाटतं, स्वयंपाक गॅसवर होतो. गॅसवर होते ती अंमलबजावणी. निर्णय आदल्या रात्री किंवा त्याच्याही आदल्या रात्री झालेले असतात. छोले रात्रभर, डोशाची डाळ-तांदूळ सकाळी भिजवून रात्री वाटायचे, विरजण झोपण्याआधी. यातलं एक जरी चुकलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं घर बटाट्यावर येतं. डोंबिवलीत थंडी पडते, हे हवामान खात्याच्या आधी मनीषाच्या मटकीला कळतं. मग ते गाठोडं पिठाच्या डब्यामागे उबेला जातं आणि मनीषा रात्री उठून त्याला हात लावून बघते. मुलांना ताप असताना ती अशीच उठायची. मुलं मोठी झाली, मटकी काही मोठी होत नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत तिथी, नक्षत्र, सण सगळं छापलेलं असतं. मनीषाला त्यातला संकष्टीचा चंद्रोदय तेवढा लागतो, म्हणजे सासूबाईंचा वरणभाताचा कुकर किती वाजता लावायचा ते ठरतं. बाकीचं ती स्वतः लिहिते. ‘दू. ना.’ म्हणजे दूध नाही. ‘मा. खा.’ म्हणजे मावशींचा खाडा. ‘सि.’ला गोल म्हणजे त्या दिवशी नवा सिलिंडर लावला. ‘द. दि.’ म्हणजे दळण दिलं. ‘द. आ.’ कुठे दिसत नाही, कारण दळण आणणं हे नवऱ्याचं काम आहे आणि ते चौथ्यांदा आठवण केल्यावर होतं. आणखी शंभर वर्षांनी कुणी संशोधक डोंबिवलीचा सामाजिक इतिहास लिहायला बसला, तर या कागदांवरून त्याची पीएच.डी. होईल. विषय: मा. खा. आणि कुटुंबसंस्थेवरील त्याचे परिणाम.

मावशी म्हणजे पोळ्यांच्या मावशी. मनीषा ऑफिसात साहेबांशी भांडते, सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला घाम फोडते, पण मावशींपुढे तिचा आवाज निम्मा होतो. मावशींनी पोळी जाड केली तर ती म्हणते, “आज कणीक जरा वेगळी होती का हो मावशी?” दोष कणकेचा. पहाटे पावणेसहाला फोन वाजला तर इतर घरांत कुणी गेलं की काय म्हणून धस्स होतं. या घरात मावशी येत नाहीत म्हणून होतं. फोन घ्यायला कुणी उठत नाही, कारण उचलला नाही तर मावशी कदाचित येतील, अशी सगळ्यांची अंधश्रद्धा आहे.

रोज रात्री जेवण आटोपल्यावर मनीषा लोकशाही पाळते.

“उद्या भाजी काय करू?”

“काहीही कर,” नवरा म्हणतो. मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते, “काहीही.” मुलगा तर प्रश्न यायच्या आधीच ‘काहीही’ म्हणून मोकळा झालेला असतो.

“दुधी करू?”

“दुधी नको.”

“पडवळ?”

“ई!”

“वांगं?”

“परवाच झालं ना.” (झालं नव्हतं. मागच्या महिन्यात झालं होतं. नको असलेली भाजी नेहमी परवाच झालेली असते.)

“मग काय करू?”

“अगं, काहीही कर!”

अशा रीतीने एकेक उमेदवार पाडत पाडत रोज बटाटा बिनविरोध निवडून येतो. एकदा तिने चिडून खरोखरच काहीही केलं होतं. फ्रिजमधल्या कालच्या आमटीत कणकेची फळं सोडली, परवाच्या पालकाचं उरलेलं पातळ त्यातच घातलं आणि वरून लसणाची फोडणी दिली. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. “हे काय आहे? पुन्हा कर,” असं नवरा म्हणाला. ते पुन्हा करायचं तर पुन्हा नेमकी तेवढीच आमटी आणि तेवढाच पालक उरायला हवा, हे त्याला कोण सांगणार?

तिच्याकडे आईने लग्नात दिलेली ‘रुचिरा’ आहे. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ते पुस्तक आणलं आणि वाटी-चमच्याच्या मापात कृती सांगून कित्येक नव्या सुनांची अब्रू वाचवली. मनीषा त्यांना मानते. तिची तक्रार एकच आहे. पुस्तकात अनारसे आहेत, चिरोटे आहेत, पण मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला घरी पोचल्यावर दोन टोमॅटो आणि अर्धा कोबी एवढंच हाताशी असेल तर काय, हे प्रकरण नाही. त्या प्रकरणासाठी तिला गाडी लागते.

रेल्वेने पहिली लेडीज स्पेशल सोडली ती १९९२च्या मे महिन्यात, चर्चगेट ते बोरिवली. रेल्वेच्या लेखी ती बायकांची गाडी. बायकांच्या लेखी तो लांबच्या लांब ओटा, फक्त विळी आणायची नाही एवढंच. आमच्या फास्टचा लेडीज डबा त्याच घराण्यातला. सीएसएमटीला खिडकी मिळाली की मनीषा पर्समधून दोन पिशव्या काढते, एक भरलेली, एक रिकामी. गवार असेल तर तिचा हात बघत राहावा. अंगठ्याच्या नखाने वरचं टोक मोडायचं, ते मोडता मोडताच कडेची शीर खाली खेचायची, शेंग उलटी करून दुसऱ्या टोकाची शीर, मग कटकन दोन तुकडे. नजर शेंगेवर नसतेच. नजर समोरच्या बाईच्या ड्रेसवर आणि कान पलीकडच्या बाईच्या जावेवर. भायखळ्याला सुरू केलेली पाव किलो गवार घाटकोपरच्या आत संपते. ठाण्यापासून पुढे लसूण. लसूण मुद्दाम शेवटी, कारण त्याच्या वासावर बाकीच्या कुरकुरतात आणि तोवर अर्ध्या उतरलेल्या असतात.

मेथीची जुडी सोडली तर चित्र बदलतं. मेथी दिसली की शेजारच्या अनोळखी बाईचे हात आपोआप पुढे येतात. कुणी विचारत नाही, कुणी हो म्हणत नाही. चौथ्या सीटवर अर्धी लटकलेली बाईसुद्धा दोन काड्या उचलते. त्याचा मोबदला म्हणून तिला सल्ला देण्याचा हक्क मिळतो: “यात मुगाची डाळ भिजवून घाला हं.” मनीषा “हो का?” म्हणते. मुगाची डाळ तिने सकाळीच भिजवून ठेवलेली असते, पण फुकटात निवडून मिळणाऱ्या मेथीपुढे तिला आपलं शहाणपण मिरवायचं नसतं. घरी सासूबाईही हौसेने मेथी निवडतात. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून देठ राहतात. त्या झोपल्यावर मनीषा ती पुन्हा निवडते आणि सकाळी म्हणते, “किती छान निवडलीत हो आई.”

डोंबिवलीत उतरल्यावर पावलागणिक पोळीभाजी केंद्र आहे. स्टेशनबाहेर मोड आलेल्या कडधान्यांच्या पिशव्याही मिळतात, मूग, मटकी, चवळी, सगळं तयार. मग हिला ही यातायात कशाला, असं मी एकदा विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं स्टेशन येईपर्यंत गप्प बसले. मग म्हणाली, “विकतच्या मटकीला मोड केवढाले असतात बघितलेस? मला एवढे लागतात.” आणि तिने करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. त्या नखभर मोडासाठी बाई रात्रीची उठते. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कुठे घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हा आकडा मी डब्यात वाचून दाखवला. डब्यात हशा पिकला. “सत्त्याण्णव? कुठे राहतात हे?” असं कुणीतरी विचारलं, पत्ता टिपून घ्यायच्या तयारीने. मनीषाने हात न थांबवता वेगळंच विचारलं, “आणि विचार करतो, तो वेळ कशात धरलाय?” रात्री दोनला जाग येते, डाळ भिजवायची राहिली हे आठवतं, भिजवून परत येईपर्यंत झोप उडालेली असते. तो सगळा वेळ सरकारने ‘झोप’ या रकान्यात टाकला असणार, अशी तिची खात्री आहे.

ऑफिसच्या वेळेचंही तसंच. वरकरणी ती ताळेबंद बघत असते. एकदा नवरा घरून काम करत होता आणि कुकर लावायचं त्याच्याकडे होतं. तीन शिट्ट्या झाल्या की बंद, एवढंच सांगितलेलं. पण शिट्ट्या मोजता मोजता माणसाला फोन येतो, आणि मग झालेली शिट्टी दुसरी की तिसरी, हा प्रश्न त्याला एकट्याने सोडवता येत नाही. त्याने मनीषाला फोन लावला आणि चालूच ठेवला. ती मीटिंगमध्ये. साहेब पडद्यावर तिमाहीचे आकडे दाखवत होते. हिच्या कानाला लावलेल्या यंत्रातून शिट्टी झाली आणि ही ठणठणीत आवाजात म्हणाली, “पुरे! आता बंद करा!” साहेबांनी निमूटपणे पडदा बंद केला. मीटिंग लवकर संपवल्याबद्दल सगळ्या डिपार्टमेंटने तिला चहा पाजला. डाळीचं मात्र पिठलं झालं होतं.

रविवार हा तिचा सुट्टीचा दिवस, म्हणजे तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, ज्वारी, बाजरी, धणे, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजण्याचा. एकत्र भाजलं तर जिरं जळतं आणि डाळ कच्ची राहते. भाजणी गिरणीत गेली की पुढच्या कित्येक संध्याकाळी थालीपीठाच्या भरवशावर निघतात.

गेल्या पावसाळ्यात मनीषा आजारी पडली. ताप १०२. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. घराने ते फारच आनंदाने मान्य केलं. दुपारी केंद्रातून पोळीभाजी, रात्री पुलाव, मधे मुलाने केलेले नूडल्स. सगळे तिच्या खोलीच्या दारात येऊन “तू अजिबात काळजी करू नकोस” म्हणून जात होते. रात्री तिने क्षीण आवाजात नवऱ्याला विचारलं, “उद्याचं काय?”

“उद्याचं उद्या बघू ना!” तो म्हणाला.

तिने मागून ताप मोजला तर १०३ निघाला, असं ती सांगते. मध्यरात्री भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरात गेली, अंधारातच डब्यातली मटकी काढली, पातेल्यात पाणी ओतलं आणि येऊन झोपली. मग तिला घाम येऊन ताप उतरला.

सकाळी ओट्यावर मटकीची तीन पातेली होती. एक तिचं. एक सासूबाईंचं, त्यांनी नऊलाच भिजत घातली होती, “तू आजारी, म्हटलं पोरांचे हाल नकोत.” तिसरं मुलीचं. कॉलेजातून आल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, तिने नेटवर किती तास ते बघितलं होतं आणि घरात सात माणसं असल्यासारखं माप घेतलं होतं. मटकी भिजून फुगते, मोड आल्यावर आणखी फुगते. दुसऱ्या दिवशी ती उसळ मावशींच्या घरी गेली, वरच्या मजल्यावर गेली, वॉचमनकडे गेली, तरी टोप भरलेलाच. नवऱ्याने झाकण उघडून बघितलं आणि शहाण्यासारखं पुन्हा लावलं.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, “आई, मिसळ कर ना. मी पाव आणतो.”

त्या घरात ‘काहीही’ सोडून मिळालेलं पहिलं उत्तर होतं ते. मनीषाला इतकं भरून आलं की तिने त्याला शंभराची नोट दिली आणि तापातल्या पायांनी कट करायला उभी राहिली. फरसाण निघालं, कांदा चिरला गेला, लिंबू सापडलं. मुलगा पाऊण तासाने आला. हातात स्लाइस ब्रेड.