कुंपणाला फुटले पाय

गावाकडे बांध कोरणाऱ्याला नावं ठेवतात. दर नांगरटीला वीतभर आत सरकणारा भाऊबंद पंचक्रोशीत बदनाम असतो. शहरात हेच काम खुरपं आणि झारी घेऊन केलं की त्याला निसर्गप्रेम म्हणतात.

बंगल्याची भिंत आणि पलीकडचा नाला यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची पट्टी पडीक असते. गाजरगवत माजलेलं, त्यात कुणाकुणाच्या पिशव्या. पहिल्या पावसाळ्यात बंगलेवाले साहेब स्वखर्चाने ती साफ करून घेतात आणि अख्खी गल्ली त्यांना दुवा देते. मग येतात कर्दळीचे चार कंद. कर्दळीला कोण काय बोलणार? पुढच्या वर्षी गुरं तोंड घालतात म्हणून तार, तार उघडी दिसते म्हणून मेंदी. मेंदी गच्च झाली की आतल्या बाजूने विटांचा थर, ‘माती वाहून जाते हो!’ शेवटी शहाबादी फरशी, झोपाळा आणि झोपाळ्यावर बसून महापालिकेच्या निष्क्रियतेवर चिंतन. दूरदृष्टीचे गृहस्थ कोपऱ्यात एक छोटी घुमटीही बसवून घेतात. तिला हात लावण्याआधी अतिक्रमण विभागालाही घाम फुटतो.

जागा कोणाची, असं साहेबांना विचारून पाहा. ‘त्याचा काही पत्ताच नाही. बिल्डर म्हणतो सरकारची, सरकार म्हणतं बिल्डरची.’ १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये पत्ता लिहून ठेवलेला आहे: जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही, ती सरकारची. तरीही शंका उरली तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो. लगतच्या सगळ्यांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो, नकाशा हाती पडतो.

पण अर्ज कोणी करत नाही. कारण मोजणी एकट्याच्या बागेपाशी थांबत नाही. समोरच्यांची गॅरेज, शेजारच्यांचा ओटा, कोपऱ्यावरच्यांचा जिना, सगळेच उघडे पडायचे. म्हणून गल्लीभर एक अलिखित करार आहे: तुम्ही आमची कर्दळ पाहू नका, आम्ही तुमचा जिना पाहत नाही. मालकी संदिग्ध असते ती आपोआप नव्हे बरं का, तिची निगा राखावी लागते. गुलाबापेक्षा जास्त.

साहेबांचा सगळा भरवसा एका ऐकीव वाक्यावर असतो: ‘बारा वर्षं ताबा असला की जागा आपली.’ वाक्य अर्धं खरं आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षं आहेत ती खासगी मालकाविरुद्ध, सरकारविरुद्ध तीस. शिवाय ताबा उघड, अखंड आणि मालकाला आव्हान देणारा लागतो. ज्या सभ्य माणसाने ‘दोन जास्वंदी लावू का हो?’ असं विचारून होकार घेतला, त्याचा ताबा परवानगीचा. त्याने पन्नास वर्षं पाणी घातलं तरी त्याच्या हाती फक्त जास्वंदी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ताब्यावरून मालकी देणाऱ्या या तरतुदीला अतार्किक म्हणत सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. २०२३ मध्ये विधी आयोगाचा अहवाल आला: आहे ते ठीक आहे.

साहेबांची खरी अडचण वेगळीच आहे. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की खरा मालक कोण याचीच खात्री नसेल, तर त्याच्याविरुद्ध ताबा असण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे झोपाळ्यावर बसून इतकी वर्षं जे वाक्य म्हटलं, तेच कोर्टात नडणार. तिथे सांगावं लागेल की जागा अमक्याची आहे हे ठाऊक असूनच आम्ही ती बळकावली. आणि गल्लीत तर सांगून ठेवलंय, ‘आम्ही फक्त देखभाल करतो.’

अर्थात साहेब कोर्टाच्या भरवशावर बसलेले नसतात. त्यांनी हद्दीच्या बरोब्बर पलीकडे एक आंबा लावून ठेवलेला असतो. पुढेमागे नाल्याच्या कामाला जेसीबी येतो, तेव्हा ते आंब्याला पाठ लावून उभे राहतात आणि १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याची आठवण करून देतात. जागेचा मालक कोण हे ज्यांना आयुष्यभर कळलं नाही, त्यांना हा कायदा कलमवार पाठ असतो.