मुखपृष्ठपंडित

अद्भुत कादंबऱ्या आणि भयकथा या विषयातला माझा अधिकार आमच्या मित्रमंडळींत सर्वमान्य आहे. तो पुस्तक प्रसिद्ध होईपर्यंतच चालतो, एवढंच. येत्या वर्षात कुठल्या महिन्यात ड्रॅगन येणार, कुठल्या महिन्यात झपाटलेलं घर, कोणत्या लेखकाने हस्तलिखित दिलं आणि कोण अजून प्रकाशकाला झुलवतोय, सगळं मला तोंडपाठ असतं. पुस्तक दुकानात आलं की माझं काम संपतं. पुढे ते वाचायला लोक आहेत.

या क्षेत्रात चिकाटी लागते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ 1996 मध्ये आला आणि मालिकेचा पाचवा भाग जुलै 2011 मध्ये. सहाव्याचं, ‘द विंड्स ऑफ विंटर’चं, नाव केव्हाच ठरलंय, फक्त पुस्तक यायचंय. त्याच 2011 मध्ये पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीचा दुसरा भाग आला आणि तिसऱ्याची वाट बघताना आमच्यातल्या काहींची मुलं शाळा-कॉलेज उरकून नोकरीला लागली. या दोघांवर माझं जेवढं प्रेम आहे, तेवढं स्टीफन किंगवर बसू शकलं नाही. तो माणूस बहुतेक दर वर्षी एखादं पुस्तक काढतो. वाट बघायला उसंतच देत नाही.

सगळ्यात मोठी तपश्चर्या ‘व्हील ऑफ टाइम’ने करून घेतली. पहिला भाग 1990 चा. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये वारले, त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन भाग लिहिले आणि चौदावा जानेवारी 2013 मध्ये आला. अमेरिकी आवृत्तीची मुखपृष्ठं करणारे डॅरेल के. स्वीटही 2011 मध्ये गेले, म्हणून शेवटचं चित्र मायकेल व्हेलन यांनी काढलं. लेखक बदलला, चित्रकार बदलला. वाचक मात्र तोच राहिला. म्हणजे मी. पहिल्या भागाच्या मुखपृष्ठाच्या आत अजून शिरलेलो नसल्यामुळे माझी प्रकृती उत्तम आहे.

मुखपृष्ठ हाच माझा खरा विषय. इंग्रजी पुस्तकाचे हक्क अमेरिकेचा प्रकाशक वेगळे घेतो आणि ब्रिटनचा वेगळे, त्यामुळे एकाच कादंबरीला दोन तोंडं असतात. अमेरिकन तोंडावर सहसा सगळी कथाच रंगवलेली असते: कडा, वादळ, तलवार, झगा, आणि झगा उडावा म्हणून खास सोडलेला वारा. ब्रिटिश तोंडावर एखादं चिन्ह, ठसठशीत अक्षरं आणि बरीचशी मोकळी जागा. भारत पूर्वापार ब्रिटिश प्रकाशकांच्या वाट्याला आलेला, म्हणून आपल्या दुकानांत बहुधा ब्रिटिश तोंड दिसतं. मला अर्थातच अमेरिकन हवं असतं. ते समुद्रापलीकडून येतं आणि येईपर्यंत त्याची किंमत आमच्या घरात चर्चेचा विषय होते.

“आतला मजकूर वेगळा असतो का?” बायकोने एकदा विचारलं.

“शब्दन् शब्द तोच,” मी अभिमानाने म्हणालो.

त्यानंतर ती बराच वेळ माझ्याकडे ब्रिटिश मुखपृष्ठासारखी कोऱ्या चेहऱ्याने बघत होती.

अशा या संग्रहाच्या मुळावर आल्या त्या माझ्या सासूबाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मार्चमध्ये आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांची कॉट हॉलमध्ये, बरोबर माझ्या कपाटासमोर पडली. कपाटात मी पुस्तकं कणा दाखवून ठेवत नाही, दर्शनी ठेवतो. मधोमध होतं जुन्या बाजारात मिळालेलं स्टीफन किंगचं ‘इट’, 1986 च्या मूळ अमेरिकन चित्राचं. गटाराच्या जाळीतून बाहेर आलेला हिरवा पंजा आणि त्याच्या दिशेने वाहत चाललेली कागदाची होडी. पहिल्याच रात्री सासूबाई त्या चित्राकडे एकटक बघत बसलेल्या दिसल्या. मला वाटलं, घाबरल्या.

“आई, ते नुसतं चित्र आहे हो,” मी समजूत घातली. “त्रास होत असेल तर पालथं घालून ठेवतो.”

“चित्राचं काही नाही हो जावईबापू,” त्या म्हणाल्या. “पण एवढी चांगली पुस्तकं, आणि एकालाही कव्हर नाही?”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा माझं सबंध कपाट इयत्ता चौथीत गेलं होतं. ड्रॅगन, कवट्या, वादळं, उडते झगे, सगळ्यांवर खाकी कागद! कोपरे इतके काटेकोर दुमडलेले की नखसुद्धा आत जाऊ नये. सासूबाईंच्या मांडीवर शेवटचं पुस्तक होतं आणि शेजारी कात्री, डिंक आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून आणलेली लेबलं. लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय असे रकाने. नावापुढे माझं नाव. इयत्ता त्यांनी कोरी सोडली होती. त्यामागे काय विचार होता, ते मी विचारलं नाही. विषय मात्र प्रत्येक पुस्तक चाळून लिहिला होता. एकावर ‘भुते’, एकावर ‘चेटूक’, आणि मार्टिनच्या पाचही भागांवर ‘भाऊबंदकी’. या मालिकेवर जगभर एवढं लिहिलं गेलंय, पण इतकी नेमकी समीक्षा माझ्या पाहण्यात नाही.

लेबलं मध्येच संपली. अर्ध्याअधिक पुस्तकांना नाव नाही की विषय नाही. शिवाय हात लागला म्हणून त्यांनी घरातल्या इतर उघड्या वस्तूंनाही कपडे चढवले: गॅसचं पुस्तक, सोसायटीचं पावतीपुस्तक आणि त्यांनी स्वतः गावाहून लेकीसाठी आणलेली पाककृतींची वही. ही वही म्हणजे वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवून चिकटवून फुगलेलं जुनं रजिस्टर. त्याची जाडी आणि 1,100 हून जास्त पानांच्या ‘इट’ची जाडी यांत कागद चढल्यावर फरक सांगणं मुखपृष्ठपंडिताच्या आवाक्याबाहेरचं होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या पुस्तकभिशीत माझी पाळी आली. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एकाने एका पुस्तकावर बोलायचं, मग पोहे. मी विषय जाहीर केला होता: ‘स्टीफन किंगचं इट: भयाचं सौंदर्यशास्त्र’. निघायची घाई होती. कपाटातला सगळ्यात जाड खाकी ठोकळा उचलला आणि निघालो.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं माझं भाषण, खोटं कशाला सांगू, फार रंगलं. मी सांगितलं की 1937 मध्ये ‘द हॉबिट’ निघालं तेव्हा त्याचं वेष्टन स्वतः टॉल्किनने काढलं होतं. त्याला सूर्य लाल हवा होता, पण एक रंग वाढला की खर्च वाढतो म्हणून प्रकाशकाने तो लाल काढून टाकला. मी सांगितलं की 1965 मध्ये अमेरिकेत त्याच ‘हॉबिट’ची स्वस्त आवृत्ती निघाली तेव्हा चित्रकार बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तक वाचायलाच मिळालं नव्हतं. त्यांनी आपल्या कल्पनेने एमू पक्षी काढले, सिंह काढला, गुलाबी फळांनी लगडलेलं झाड काढलं. कादंबरीत यातलं काही नाही. टॉल्किन चक्रावला, एमू कशासाठी, हे त्याला काही केल्या समजेना. पुढे सिंह तेवढा हटवला गेला, एमू राहिले. तरी ती आवृत्ती प्रचंड खपली. “म्हणजे बघा,” मी टाळीसाठी थांबून म्हणालो, “पुस्तक न वाचताही त्याचं उत्तम दर्शन घडवता येतं!” टाळी आली. माझा या विधानाशी किती निकटचा संबंध आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग किंगच्याच ‘फायरस्टार्टर’च्या 26 प्रतींची बांधणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडात केली होती, हे सांगितलं. आग लावणाऱ्या मुलीची गोष्ट, तिला न जळणारं पुस्तक! पुन्हा टाळी.

इथे थांबलो असतो तर इतिहास वेगळा झाला असता. पण यजमानीणबाई म्हणाल्या, “एखादा उतारा वाचा ना. मराठीत सांगत सांगत वाचा, म्हणजे सगळ्यांना कळेल.”

मी ऐटीत मधलंच पान उघडलं. समोर सासूबाईंचं मोत्यासारखं अक्षर होतं.

माणसाची खरी परीक्षा अशा वेळी होते. पुस्तक मिटावं तर भयाचं सौंदर्यशास्त्र संपलं. मी चष्मा सावरला, आवाज खाली नेला आणि इंग्रजीतून भाषांतर करत असल्यासारखा अडखळत वाचू लागलो. क्रियापदं तेवढी भूतकाळात टाकली.

“त्याने... तिचं पोट उभं चिरलं. दोन तुकडे होणार नाहीत, अशा बेताने. आतलं सगळं बोटाने खरवडून काढलं.” खोलीत शांतता. “मग अंगाला मीठ चोळलं आणि तिला तशीच ठेवून दिली. तासाभराने परत येऊन त्याने तिला मुठीत धरून पिळलं. कडू, हिरवं पाणी गळू लागलं...” कुणीतरी पंखा बंद केला. “पोटात त्याने कसलीशी पूड ठासून भरली. दोऱ्याने घट्ट आवळलं. तेल तापलंच होतं.”

मी थांबलो. खरं म्हणजे पुढच्या ओळीवर फोडणीचा डाग पडला होता. पण परिणाम विलक्षण झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रुमालाने कपाळ टिपत होते. कॉलेजातल्या एका मुलीने पाय वर घेतले होते.

मागच्या खुर्चीवरच्या आजी शांतपणे म्हणाल्या, “आणि गूळ कधी घालायचा?”

पुढच्या पाच मिनिटांचं वर्णन मी करत नाही. भयकथेतही काही गोष्टी सूचित ठेवायच्या असतात. एवढंच सांगतो की पोह्यांच्या वेळी त्या वहीभोवती जी गर्दी झाली, ती किंगच्या नशिबी नव्हती. भरल्या कारल्यांचं पान सगळ्यांनी मोबाइलवर टिपून घेतलं. भिशीच्या वृत्तान्तात माझ्या व्याख्यानाची नोंद ‘उपयुक्त’ अशी झाली.

घरी आलो तर सासूबाई दिव्याखाली बसून खरं ‘इट’ वाचत होत्या. बरंच पुढे गेल्या होत्या.

“अहो, हे तर आपल्या धारपांच्या ‘शपथ’सारखं आहे,” त्या म्हणाल्या.

आता नारायण धारपांनी किंगवरून मराठीत काय काय आणलं, याच्यावर मी तासभर बोलू शकतो. ‘शपथ’मागे ‘इट’ आहे आणि ‘लुचाई’मागे ‘सालेम्स लॉट’, हे मी किती जणांना ऐकवलंय! बाईंनी मात्र दोन्ही बाजू वाचल्या होत्या. “तो पंजा तुम्ही फार मनावर घेतलात,” त्या पुढे म्हणाल्या. “गोष्ट पोरांच्या मैत्रीची आहे. मोठं झाल्यावर ती पोरं सगळं विसरतात, त्याची भीती वाटते. पंजाचं काय एवढं?”

इतक्या वर्षांत मी त्या पंजाच्या नखांवर, हिरव्या छटेवर, होडीच्या घडीवर बोलत आलोय. पोरांचा पत्ता मला त्या रात्री लागला.

तरीही माझ्यातला पंडित हरलेला नाही. त्याने फक्त बाजू बदलली आहे. सखोल विचारांती माझं असं मत झालंय की खाकी कव्हर हीच खरी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात पुस्तकावरचं वेष्टन बहुतेक वेळा साधा कागदच असे. कापडी बांधणी दुकानापासून घरापर्यंत मळू नये एवढंच त्याचं काम. घरी आलं की लोक ते फेकून देत. चित्रं त्याच्यावर पुढे चढली आणि आता पहिल्या आवृत्तीच्या दुर्मीळ प्रतीला वेष्टन नसेल तर संग्राहक तोंड फिरवतात. ‘ड्रॅक्युला’ 1897 मध्ये आलं तेव्हा पिवळं कापड आणि त्यावर लाल अक्षरं, एवढाच थाट होता. वटवाघूळ नाही, सुळे नाहीत, तरी लोक घाबरले ते घाबरलेच. लंडनच्या गोलांझ प्रकाशनाने तर अनेक वर्षं विज्ञानकथा बिनचित्राच्या पिवळ्या वेष्टनात विकल्या. आमच्या सासूबाईंनी हेच एका दुपारी, मापात एक चूक न करता, केलं.

तेव्हा वाचकहो, आपल्याही घरी ड्रॅगन उघडे पडले असतील तर जरूर आणावेत. सासूबाई मेअखेरपर्यंत आमच्याकडे आहेत. कागद आपापला आणावा, लेबलं जास्त आणावीत. आणि परत नेताना पहिलं पान उघडून, आपण नेतोय ते पुस्तकच आहे ना, एवढं तिथल्या तिथे बघून घ्यावं; मागाहून तक्रार चालणार नाही.