सहा वाजताचं दुखणं

'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, तो त्या वेळी उभा असणार. माझा जावई सुदैवाने बँकेत आहे. तरीही तीन आठवडे मी घरात अवाक्षर काढलं नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. हिने विचारलं तेव्हा म्हणालो, "फार बसणं तब्येतीला वाईट." ते खरंही होतं.

शेवटी एका बारशाला सोफ्यावर एका कुशीने टेकलो आणि बिंग फुटलं. शेजारच्या अण्णांनी जागेवरच निदान केलं, "मूळव्याध! सुरण खा." त्या भागात काहीही होवो, आपल्याकडे नाव एकच. लोकलच्या डब्यात 'मूळव्याध, फिशर, भगंदर' अशी जाहिरात मी तीस वर्षं वाचत आलो; मला ती एकाच आजाराची तीन टोपणनावं वाटत. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, म्हणतात हे खरं. आठवडाभर सुरण खाल्ला. घसा खाजला, बाकी परिस्थिती जैसे थे.

मग मुकाट्याने सर्जन गाठला. कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "सहा वाजता आहे."

मी भिंतीवर पाहिलं. साडेअकरा झाले होते. म्हटलं, "मग जेवून येतो."

हसू आवरून त्यांनी समजावलं. पेशंट उताणा आहे असं धरून त्या जागेचं घड्याळ मांडतात : पुढे बारा, माकडहाडाकडे सहा. मूळव्याधीचे मुख्य मोड तीन, सात आणि अकरा वाजता येतात. चीर पडते ती बहुतेक वेळा सहाला. माझी चीर होती, म्हणजे फिशर. मूळव्याध म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकणं. आतले मोड रक्त सांडतात, पण सहसा दुखत नाहीत. भगंदर ही गळवातून झालेली पू वाहणारी नळी. तिला शस्त्रक्रिया नाहीतर क्षारसूत्राचा औषधी दोरा लागतो. चिरेचं मात्र दुष्टचक्र असतं. दुखलं की स्नायू आवळतो, आवळला की रक्त कमी पोचतं, त्यामुळे चीर भरत नाही आणि पुन्हा दुखतं. आयुर्वेदात हिला परिकर्तिका म्हणतात, कात्रीने कापल्यासारखी. हे नाव ठेवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. बसून करणं शक्यच नव्हतं.

उपाय अगदीच गरीब निघाले : इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाजी, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बैठक, आणि डिल्टियाझेमचं मलम. हे एरवी रक्तदाबाचं औषध; इथे तो आवळलेला स्नायू सैल करतं. संडासात मोबाइल न्यायला बंदी. हे पथ्य सगळ्यात जड गेलं. हिने कपडे भिजवायचा निळा टब दिला आणि निकालही दिला, "हा आता तुमचाच. परत करू नका."

सहा आठवड्यांत चीर भरली. वय अठ्ठावन्न आणि रक्त दिसलेलं, म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपीही करायला लावली. आतड्याचा कर्करोगही रक्तानेच वर्दी देतो आणि लोक त्याला मूळव्याध समजून बसतात. माझं आतडं स्वच्छ निघालं.

तेव्हा रक्त दिसलं तर अण्णांना विचारू नका, डॉक्टरला दाखवा. जावई डॉक्टर असेल तर दुसऱ्या डॉक्टरला.