काकांचा फ्रिज आणि बिदरचा उतार

बिदरचा किल्ला काकांनी पाहिला तो फ्रिजच्या पाठीमागून. व्हॅनची मागची जाळी काढून ते आत डोकावत होते आणि काकू बाहेरून बजावत होत्या, "आधी दार नीट लागतंय का ते बघा."

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर केलं आणि त्यात गॅसवर चालणारा फ्रिज बसवला. लातूर, भालकी, बिदर, कलबुर्गी, शेवटी गाणगापूर असा बेत. मिक्सर, रेडिओ, गीझर सगळ्यांना काकांनी आजवर टपल्या मारूनच वठणीवर आणलेलं. हा फ्रिज मात्र मार खाऊनही गरमच.

भालकीच्या गॅरेजवाल्याने लांबूनच निदान केलं, "कॉम्प्रेसर गेला, काका."

या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतोच! 1922 साली बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडिश विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. ज्योतीच्या आचेने पाण्यात मिसळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो, मागच्या नळ्यांत निवून द्रव होतो आणि हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो. पंप नाही, मोटर नाही. द्रव आपल्या वजनाने खाली उतरतो. गाडी कलली की तो भलतीकडे अडून बसतो. मग खाली ज्योत कितीही जळो, आत दही आंबतं. काकांनी सावली शोधून गाडी लावली होती ती नेमकी उतारावर.

नौबादजवळची बहमनी काळातली करेझ काकूंनी एकटीनेच पाहिली. जमिनीखालच्या बोगद्यातून हलक्या उतारावर पाणी आपसूक वाहावं अशी रचना, हवेसाठी वर झरोके. परत येऊन त्या म्हणाल्या, "त्या लोकांनी पंधराव्या शतकात झरोके ठेवले. तुम्ही फ्रिजच्या झरोक्यात सतरंजी कोंबलीत?"

काका एरवी उलट बोलले असते. पण आत काकूंचं इन्सुलिन होतं. न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात आणि बाहेर मे महिना. बायकोचा चष्माही कधी शोधून न दिलेले काका बाटल्या ओल्या पंचात गुंडाळून मेडिकलकडे जवळजवळ पळत गेले. दुकानदार मराठीतच म्हणाला, "ठेवा की रात्रभर." पैसे घेतले नाहीत, डबीवर 'लातूरची आजी' एवढं लिहिलं. काकू उपकार विसरल्या नाहीत, आणि 'आजी'ही.

रात्री काकांनी चाकाखाली विटा सारल्या, फ्रिजच्या तळावर पाणसळ ठेवून गाडी सरळ केली, बर्नरची काजळी झटकली, सतरंजी स्वतःच्या अंगाखाली घेतली. असला फ्रिज निवायला तासन्‌तास घेतो. सकाळी पेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला: 7 अंश!

कलबुर्गीत दुपारी बाहेर 43. असा फ्रिज बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली गेला तरी खूप, त्यामुळे बाटल्या बर्फाच्या थर्मासात गेल्या आणि मंडळी किल्ल्यातल्या जामा मशिदीत. 1367 ची ही मशीद. उघडं अंगण नाही, सगळ्यावर छत. काका कमानींकडे न बघता वाकून फरशी न्याहाळू लागले.

"गाडी लावायला काय झकास जागा आहे," म्हणत त्यांनी खिशातून पाणसळ काढली. काकूंनी ती हातातून घेतली आणि पिशवीच्या तळाशी टाकली.