घरबसल्या रोमन सम्राट ओळखा (सोलापूर आवृत्ती)

प्राचीन नाणी जमवण्यासाठी पैसा लागतो, अभ्यास लागतो, पण सर्वांत आधी चेहरा लागतो. मंगळवार बाजारात जुन्या लोखंडाच्या पथारीसमोर उभं राहिल्यावर तोंडावर उत्सुकता दिसता कामा नये. भाव विचारायचा तो शेजारच्या पान्याचा. नाण्याकडे बघायचं ते जाता जाता. विक्रेत्याने मात्र तुमच्या बुटांवरून भाव केव्हाच ठरवलेला असतो.

नाण्याआधी कथा ओळखायला शिका. कथा बहुधा विहीर खणताना सुरू होते. गड्ड्याच्या यात्रेत तीच आजोबांच्या ट्रंकेतून निघते. कथेत नाग आला की किंमत दुप्पट. रामदरबार आणि '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' एकाच नाण्यावर दिसले तर नमस्कार करा आणि पुढे चला. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. नाणं तांदूळ ओढून घेतं असं कुणी म्हणालं, तर नमस्कारही न करता निघा.

आता खरं रोमन. आपल्या देशात सापडलेली रोमन चांदी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस या दोन सम्राटांची. टायबेरियसचं दिनार साधारण पावणेचार ग्रॅमचं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला हातात फांदी घेऊन बसलेली बाई. काही नाण्यांवर सम्राटाच्या तोंडावर छिन्नीचा आडवा घाव असतो. तो का घातला यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. विक्रेत्याला मात्र तो तलवारीचा वार आहे हे पक्कं ठाऊक असतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला रोमन सोन्याची नाणी सापडल्याची नोंद आहे. हे वाचून फावडं काढू नका, एसटी पकडा आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणहून दहा दिवसांवर असलेलं 'तगर' म्हणून सांगितलंय ते हेच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात हिंडून जमवलेल्या वस्तूंचं आता तिथे सरकारी संग्रहालय आहे. तेरला रोमन नाण्यांच्या नकलेच्या मातीच्या टिकल्याही सापडल्या आहेत, गळ्यात ओवण्यासारख्या. म्हणजे नकली रोमन नाण्यांचा व्यवसाय या भागात दोनेक हजार वर्षं जुना आहे. पथारीवाला तुम्हाला फसवत नाही, परंपरा चालवतो.

तेरच्याच गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली आणि कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, असं म्हणतात. नाण्याची परीक्षा तीच. चांदी खणकन वाजते, ओतीव नक्कल बद्द. फक्त रोमन नाणं फरशीवर टाकू नका. जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, आणि तडा गेल्यावर ते अस्सल होतं हे कळून उपयोग नाही.

स्पॅनिश नाण्याला ही धास्ती कमी. मेक्सिको आणि पोटोसीला पाडलेला 'आठ रियाल'चा रुपया सुमारे २७ ग्रॅमचा, जवळपास ३९ मिलिमीटर रुंद. १७३२ ते १७७२ च्या नाण्यांवर दोन खांब आणि त्यांच्यामध्ये लाटांवर दोन पृथ्वीगोल. पुढे राजाचं तोंड आलं. एम अक्षराच्या डोक्यावर छोटा ओ असला की टांकसाळ मेक्सिकोची. शंका असेल तर सराफ कट्ट्यावर जाऊन नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून तोलून घ्या: वजन २.६ ग्रॅमच्या आसपास घटलं तर चांदी, सव्वातीन ग्रॅमने घटलं तर पितळ. सराफ हसेल. हसू द्या, काटा त्याचा आहे.

मात्र असं नाणं तुम्हाला सोलापुरात अखंड मिळण्याची आशा थोडी. सुरतेला जहाजातून उतरलेली ही चांदी मुघल टांकसाळीत वितळवून तिचे रुपये पाडले जात. तेव्हा घरातला एखादा फारसी अक्षरांचा रुपया पोटोसीच्या डोंगरातून आलेला असू शकतो. ओळखण्याची खूण मात्र काही उरलेली नाही. त्यापेक्षा आजीची पुतळ्यांची माळ तपासा. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं डुकाट, साडेतीन ग्रॅमचं, संत मार्कपुढे गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाचं. माळेतल्या बहुतेक पुतळ्या इथल्याच सोनाराच्या असतात, पण हे आजीला सांगण्याची जबाबदारी हे मार्गदर्शन घेत नाही.

नाणं मिळाल्यावर ते चिंचेने घासू नये. दोन हजार वर्षांचा काळा थर घासून काढला की संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत गेली, आणि घरच्यांच्या लेखी ते पहिल्यांदाच स्वच्छ झालं.

राहिला कायदा. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपयांत हल्ली शेंगाचटणीची पुडीही येत नाही. तेव्हा नियम तुम्हाला लागू आहे असंच धरून चाला. पंचनामा होईपर्यंत गावातल्या चौघांना ते शेत आपल्याच पणजोबांचं असल्याचं आठवेल. म्हणून आधी अर्ज द्या, पोचपावतीवर शिक्का मारून घ्या, आणि पेढे त्यानंतरच वाटा.