निवडक, खात्रीलायक, वगैरे

मुलांना इंटरनेटवर मोकळं सोडायचं नसतं, हे मला एका प्रशिक्षणात कळलं. १९९५ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत बर्नी डॉज आणि टॉम मार्च यांनी ‘वेबक्वेस्ट’ नावाचा प्रकार काढला. शिक्षकाने पानं आधी पारखून द्यायची, मुलांनी तेवढीच वाचायची आणि वाचलेल्यावरून स्वतःच्या डोक्याने काहीतरी ठरवायचं. हा शेवटचा भाग चालू असताना चहा आला. मी पहिला भाग तेवढा घेऊन नगरला परतलो.

सातवीला प्रकल्प दिला, ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’. आदल्या वर्षी हाच विषय मोकळा दिला होता, तेव्हा एका विद्वानाने नेहरूंना चांदबिबीच्या महालात कैदेत टाकलं होतं. (१९४२ ते १९४५ ते भुईकोट किल्ल्यात होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं.) अशी भेसळ नको म्हणून यंदा जागरणं करून संकेतस्थळं निवडली. निकष कडक होते. अक्षर मोठं हवं, फोटो रंगीत हवा आणि पान आमच्या गावच्या रेंजमध्ये उघडायला हवं. जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटिअर इंटरनेटवर आहे, पण ते इंग्रजी आणि जाडजूड. मुलांना झेपणार नाही म्हणून वगळलं. मला झेपतं का, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.

यादी फळ्यावर लिहायला घेतली. मराठी पानाचा पत्ता दिसतो मराठी, पण कॉपी केला की त्याची टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार अशी माळ होते. ती मी जशीच्या तशी उतरवत राहिलो. पहिलं संकेतस्थळ संपेस्तोवर मधली सुट्टी झाली. संध्याकाळी एका आईचा फोन आला, “सर, शेकडेवारी एवढी अवघड कधीपासून केली?”

मग लिंका पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या. तिथे त्या सुप्रभात, वाढदिवस आणि घोडेगावचे कांद्याचे भाव यांच्याखाली गाडल्या गेल्या. शिवाय फोन वडिलांचा आणि वडील रानात.

तरी प्रकल्प आले. सगळे आले आणि सगळे एकसारखे. मोकळं सोडलं होतं तेव्हा निदान चुका तरी वेगवेगळ्या होत्या! काहींनी मथळ्याशेजारचा ‘संपादन’ हा शब्दही इमानाने उतरवला होता, त्यामुळे अहिल्याबाई होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे संपादन झाला. एकाने तर शेवटी सुबक अक्षरात ‘कुकीज स्वीकारा’ लिहून खाली सही ठोकली होती.

वेगळी वही एकच. ती मुलगी मामाच्या गाडीवर बसून थेट शाह डोंगरावर जाऊन आली होती. चांदबिबीचा महाल म्हणतात तो याच डोंगरावर, आणि हा डोंगर आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून दिसतो.

“सर, तो महाल चांदबिबीचा नाहीच. सलाबतखानाची कबर आहे. तो निजामशाहीचा वजीर होता.”

मी यादीतलं पान उघडलं. मोठं अक्षर, रंगीत फोटो आणि ‘राणी चांदबिबीचा भव्य राजवाडा’.

“मग चांदबिबी लढली कुठून?” प्रश्न मुद्दाम टाकलाय असं वाटावं म्हणून मी चष्मा काढून विचारलं.

“किल्ल्यातून. १५९५ ला मुरादची मोगल फौज किल्ल्याला भिडली होती. एवढ्या लांब डोंगरावर बसून ती किल्ला कसा राखंल?”

चहात बुडालेला भाग तो हाच. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, जणू सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. रात्री ग्रुपवर कळवलं, ‘सदर पान यादीतून वगळण्यात येत आहे.’

सकाळी प्रार्थनेआधीच तिचे आजोबा फाटकात उभे.

“गुरुजी, हयात गेली त्याला महाल म्हनन्यात. परवा नातीला तुमचीच यादी दाखवून गप केलं. म्हनलं, गुरुजींनी पारखून दिलंय. आन तुम्ही एका रात्रीत महाल काढून घेतला?”

“बाबा, कबर आहे ती.”

“आसंल. पन ते पान परत टाका. फोटू लई भारी हाय, मला स्टेटसला ठेवायचाय.”